शेवटच्या बाकावरचा हात

शारजा, मंगळवार, ८ ऑक्टोबर २००२

पहाटे जाग आली ती एका आवाजानं. आवाज इथला नव्हता. चाळीसगावच्या शाळेत आमची पाचवी 'ब' पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. कविता चालीवर म्हणताना शेवटच्या ओळीला सगळी पोरं एकदम सूर ओढायची, आणि वरचा पत्रा गुणगुणायला लागायचा. पोरं गप्प झाली तरी तो गुणगुणत राहायचा. तो शांत होईपर्यंत मी पुढच्या कडव्याला हात घालत नसे. आज ती गुणगुण इतकी स्वच्छ ऐकू आली की अंथरुणात उठून बसलो.

जुने आवाज असे लख्ख येतात, याचं नवल वाटतं. मागच्या मशिदीतली पहाटेची बांग, गेल्या वर्षी माझी बायको कुमुद गेल्यावर मी इथं राहायला आलो तेव्हा किती खणखणीत होती! आता बांग देणारा बदललेला दिसतो. नवा माणूस हळू आवाजाचा आहे.

असो. घरात काल वाईट झालं. सिद्धू, म्हणजे माझा नातू सिद्धांत, इथल्या विद्यापीठात इंजिनिअरिंगचं एम.एस. करतो. पुढं वर्षभर कसलं संशोधन करणार ते तीन परीक्षकांसमोर उभं राहून सांगायचं असतं. त्याला प्रपोझल म्हणतात. त्यात तो नापास झाला. विषय चांगला आहे म्हणे, पण उमेदवार पडद्याशी बोलत होता, आमच्याशी नाही, असा शेरा आला. आता एकच संधी, अठरा डिसेंबरला. तेव्हाही गेलं तर नाव कटलं.

नाव कटलं की व्हिसाही गेला. इथं मुलगा मोठा झाला की बापाच्या व्हिसावर राहतो तो शिकत असेल तरच.

"पुण्याला जाईल. काकाकडे राहील, काय बिघडतं?" राजन म्हणाला. राजन माझा मुलगा, हमरिया फ्री झोनमध्ये शिपिंगचं बघतो. माणसांचंही त्याला कंटेनरसारखं वाटतं, इथून उचललं की तिथं ठेवलं.

"बाबा, आय डोन्ट नो एनीवन इन पुणे," सिद्धू म्हणाला. जन्म इथला, शाळा इथली. एवढंच बोलला आणि ताट तसंच ठेवून उठला.

गुरुवार, १० ऑक्टोबर

सिद्धूला सुट्टी होती. म्हटलं, काय सांगितलंस परीक्षकांना, ते मला सांग. आधी नको नको म्हणाला. मग हॉलच्या त्या टोकाला उभा राहून भिंतीकडे बघत सुरू झाला.

मला एक अक्षर कळलं नाही. इंग्रजीचा प्रश्न नाही, इंग्रजी मीही शिकवलं आहे. शब्दाची सुरुवात ऐकू यायची, शेवट तो गिळायचा. वाक्यं एकावर एक चढलेली. आगगाडीला डबे असतात, याची नुसती वाफ!

मग जवळ बसवून मराठीत विचारलं. तेव्हा कळलं, आणि कळल्यावर मी थक्क झालो. या देशात जिकडे बघावं तिकडे वाळू, पण ती काँक्रीटला चालत नाही. वाऱ्यानं घासून घासून तिचे कण गुळगुळीत गोल झालेत, एकमेकांना धरत नाहीत. म्हणून वाळवंटात राहून वाळू शोधावी लागते. आणि तिकडे रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यांबाहेर फुटक्या फरशांचे ढीग पडलेले. त्यांचा चुरा करून वाळूच्या जागी वापरायचा, असा याचा विषय. चुऱ्याला कोपरे असतात, तो धरून ठेवतो.

म्हटलं, अरे, ही तर कविता आहे! जे गोल झालं ते निसटतं, जे फुटलं ते धरून ठेवतं.

"इट्स जस्ट अँग्युलॅरिटी, आजोबा," तो म्हणाला. पण हसला.

ठरवलं. हा मुलगा अठरा तारखेला बोलेल. मी पाचवीतल्या तोतऱ्या पोरांकडून संमेलनात कविता म्हणवून घेतल्या आहेत, हा तर इंजिनिअर आहे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

विद्यापीठात अशा मुलांसाठी एक सोय आहे, हे मला मंजुषानं, सुनेनं, सांगितलं. पदवीनंतर शिकणाऱ्यांसाठी वेगळं सपोर्ट ऑफिस. लेख कसा लिहावा, नोकरीचा अर्ज कसा करावा, लोकांसमोर कसं बोलावं, सगळं शिकवतात आणि सरावही करून घेतात. सिद्धूला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. गेला मात्र नाही एकदाही.

"दॅट्स फॉर वीक स्टुडंट्स."

"मग तू कोण आहेस सध्या?" मंजुषा म्हणाली. ती अशी बोलते, थेट. त्यानं दार आपटलं, पण आज गेला. मीही गेलो बरोबर. आजोबांना बरोबर नेणं त्याला जड गेलं असणार. गाडीत रेडिओ मोठा लावला होता, तरी मला काही फार मोठा वाटला नाही.

खोलीत खुर्च्या भरपूर, मुलं दोन. चालवणाऱ्या खैरुन्निसा मॅडम हैदराबादच्या, पन्नाशीच्या, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांना विचारलं, मी मागं बसू का? तर म्हणाल्या, "बैठिए मास्टरजी, यहाँ सुनने वाले मिलते कहाँ हैं!" सगळ्यांना बोलायला शिकायचं असतं, ऐकायला कोणी येत नाही.

सिद्धूला त्यांनी एकच सांगितलं. पडद्यावर कमी लिही, म्हणजे त्याच्याकडे बघायचं कारण उरणार नाही. बाई जाणत्या आहेत.

रविवार, २० ऑक्टोबर

मंजुषाची बोलणी खाल्ली. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा म्हणून सांगून ती कामावर गेली. मी शेजारच्या खोलीत एक जुनी कविता आठवत बसलो होतो, कान स्वयंपाकघराकडेच होते. शिट्टी झालीच नाही. वास आला तेव्हा उठलो. डाळीचा कोळसा.

"कुकरची शिट्टी बिघडली आहे, बदलून आण," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग काहीतरी म्हणाली, पण सिंककडे तोंड करून. या घरात सगळ्यांनाच तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागली आहे. एसीमुळे असेल, बंद घरात माणसं हळू बोलायला लागतात.

कुमुदचं तसं नव्हतं. शेवटची काही वर्षं तर बोलण्याआधी माझ्या कोपराला हात लावायची, मी वळलो की समोर येऊन बोलायची. म्हातारपणी माया वाढली होती तिची.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज खरं काम सुरू झालं. खालिद लगूनच्या कडेनं बुहैराची कॉर्निश, म्हणजे पाण्याकाठचा फिरायचा रस्ता आहे, तिथं संध्याकाळी गेलो. सिद्धूचा मित्र कमरुद्दीन आला होता. कोळिकोडचा, याच्याच वर्गातला. त्याचं प्रपोझल पहिल्याच खेपेला पास झालंय, तरी मित्रासाठी येतो.

मी दोघांना शाळेतला नियम सांगितला. वाचणारा पोरगा फळ्यापाशी उभा. शेवटच्या बाकावर एक जण नेमलेला. त्याला ऐकू आलं नाही तर त्यानं ओरडायचं नाही, हसायचं नाही, फक्त हात वर करायचा. हात वर झाला की वाचणाऱ्यानं ती ओळ पहिल्यापासून घ्यायची. बस. या एका हातावर मी सगळी शाळा चालवली.

मी एका बाकावर बसलो, सिद्धू पुढच्या दिव्याखाली. कमरुद्दीन मोकळा फिरत होता. पहिल्या वाक्याला हात. दुसऱ्या वेळी हात. तिसऱ्या वेळीही.

"हबीबी अंकल," माझ्याही मागून, पार आइस्क्रीमच्या गाडीपासून कमरुद्दीन ओरडला, "मुझे तो यहाँ तक सुनाई दे रहा है!"

मित्राची बाजू घेतो, चांगला मुलगा आहे. पण लाडानं पोरं शिकत नाहीत. मी हात वरच ठेवला. सिद्धूनं कमरुद्दीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. आणि मग एकेक शब्द सुटा करून, सरळ माझ्या तोंडाकडे बघून त्यानं ते वाक्य म्हटलं. 'द डेझर्ट इज फुल ऑफ सँड वी कॅनॉट यूज.' शेवटचं 'यूज'सुद्धा पोचलं.

हात खाली घेतला. त्या एका वाक्यात माझी संध्याकाळ भरून पावली.

सोमवार, ४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. मंजुषाच्या चकल्यांवर कमरुद्दीननं ताव मारला, परवापासून रोजे आहेत म्हणून आगाऊ खातो म्हणाला. राजन टीव्हीचा आवाज कमी करत होता, मी वाढवत होतो. "बाबा, खालच्या मजल्यावरच्यांनाही बातम्या कळतात आपल्यामुळे," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. दिवाळीत कोण वाद घालणार.

सिद्धू बराच सुधारला आहे. आता मी त्याला यती शिकवतो. ओळीत थांबायची एक जागा असते, तिथं श्वास घ्यायचा, म्हणजे अर्थही मोडत नाही आणि छातीही भरते. त्याच्या कागदांवर मी पेन्सिलीनं उभ्या रेघा मारल्या आहेत. काँक्रीटला वृत्तात बसवायचं चाललं आहे!

शनिवार, १६ नोव्हेंबर

घात झाला, आणि तो मी केला.

खैरुन्निसा मॅडमनी आज रंगीत तालीम ठेवली होती. रमझान असूनही दहाबारा मुलं आली. सिद्धू सुरुवातीला छान बोलला. मग घाबरला असावा, आणि माझ्या यतीला घट्ट धरून बसला. प्रत्येक रेघेला थांबायचं, प्रत्येक वाक्याचा शेवट ओढायचा. मला मागं बसून ते गोडच वाटत होतं, अगदी पत्र्याच्या शेडमध्ये बसल्यासारखं. पण मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं बोटांनी बाकावर ठेका धरला. मग हशा.

सिद्धूनं कागद गोळा केले आणि निघून गेला. गाडीत शेवटी एकदाच बोलला, तेही मला दोनदा विचारावं लागलं.

"आय साउंडेड लाइक अ किंडरगार्टन, आजोबा."

त्याचं बरोबर आहे. कविता मला आवडते, तिची चालही मला आवडते, आणि मी ते दोन्ही त्याच्या गळ्यात बांधलं. त्याला चाल नको होती. त्याला फक्त तो शेवटच्या बाकावरचा हात हवा होता. रात्री जेवलो नाही. मंजुषानं ताट झाकून ठेवलं.

मी यातून बाजूला व्हावं का? तसं झालं तर पोरगं पुन्हा भिंतीशी बोलेल. नाही. चाल सोडीन, हात सोडणार नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आज इफ्तारनंतर रस्ते जरा मोकळे झाले तेव्हा स्वतःच दारात येऊन उभा राहिला. "कॉर्निश? यल्ला, चला." हातात नवे कागद, एकही रेघ नाही.

"चाल नाही," मी म्हटलं.

"चाल नाही. ओन्ली द हँड."

मी पूर्वीपेक्षा लांबच्या बाकावर जाऊन बसलो. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलला. अकरा वेळा हात गेला. एकदाही वैतागला नाही. घरी येताना त्यानं माझा कोपर धरला, मी वळेपर्यंत थांबला आणि मग समोर येऊन म्हणाला, "आजोबा, इफ यू कॅन हिअर मी, एनीवन कॅन."

माझ्या कडक शिस्तीला मिळालेली ही पावती. इथं लिहून ठेवतो आहे. कुमुद असती तर तिला वाचून दाखवली असती.

सोमवार, ९ डिसेंबर

ईद झाली, सुट्ट्या संपल्या. मंजुषा आज समोर खुर्ची ओढून बसली. तिच्या क्लिनिकमध्ये कानाचे चांगले डॉक्टर आहेत, एकदा दाखवून येऊ म्हणाली.

"तुला काही त्रास होतोय का?" मी विचारलं.

"मला नाही, बाबा. तुम्हाला."

मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे? पाचवी 'ब'चा पत्रा अजून ऐकू येतो मला! ती म्हणाली, तेच तर. सिद्धूनंही सांगितलंय म्हणाली. सिद्धूनं काय सांगितलंय ते मी विचारलं नाही.

दुपारी क्षणभर एक शंका मनात आली. बांग देणारा, कुकर, टीव्ही, सगळ्यांचं हळू बोलणं, एकाच वर्षात एवढं सगळं कसं बिघडेल? पण मग कॉर्निशवर दर आठवड्याला सिद्धू अधिक स्पष्ट ऐकू येतोच आहे ना? बिघडलेल्या कानाला कोणाचं सुधारलेलं कसं कळेल? शंका पुसून टाकली. तरी सुनेचं मन राखायला हो म्हटलं. अठरा तारखेच्या आधी नाही. तिनं अठ्ठावीसची वेळ घेतली.

बुधवार, १८ डिसेंबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

प्रपोझल ऐकायला कोणालाही बसता येतं. राजननं अर्धी रजा टाकली. टाय लावून आला होता, जणू परीक्षा त्याचीच. मी कोणाला न विचारता सगळ्यात मागच्या रांगेत गेलो. शेजारी खैरुन्निसा मॅडम. पुढं तीन परीक्षक, मधले अध्यक्ष चष्म्यावरून बघणारे.

सिद्धू उभा राहिला. पडद्यावर फक्त एका फुटक्या फरशीचं चित्र. त्यानं सुरुवात केली, आणि तोंड फरशीकडे वळलं. ऑक्टोबरसारखंच. ओठ हलताना दिसत होते. ऐकू काही येत नव्हतं.

मी काही ठरवून केलं नाही. हात आपोआप वर गेला.

अध्यक्षांनी पाहिलं. "येस, सर? यू हॅव अ क्वेश्चन?"

सगळी खोली मागं वळली. राजननं कपाळाला हात लावला. मी उभा राहिलो. पाचवी 'ब'च्या मास्तरनं काँक्रीटवर काय विचारायचं? हात मात्र वरच राहिला होता.

तेवढ्यात सिद्धू वळला. घाबरला होता, पण हसत होता. "नो क्वेश्चन, सर. दॅट्स माय ग्रँडफादर. इट मीन्स, से इट अगेन फ्रॉम द बिगिनिंग."

खोलीभर हसू पसरलं. पण नोव्हेंबरातलं नव्हे ते. अध्यक्षही हसले, हातानं खूण केली, घ्या पहिल्यापासून. सिद्धू पडदा सोडून दोन पावलं पुढं आला, सगळ्यांच्या डोक्यांवरून सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "द डेझर्ट इज फुल ऑफ सँड वी कॅनॉट यूज." शेवटपर्यंत त्यानं नजर हलवली नाही. प्रश्न आले तेव्हा उत्तरंही मागच्या रांगेपर्यंत दिली. चाल नाही, ठेका नाही. त्याचा स्वतःचा आवाज. तो मी पहिल्यांदा ऐकला असं वाटलं.

पास. किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या आहेत. राजननं बाहेर येऊन टाय सोडला आणि पोराला असा काही आवळला की कमरुद्दीन म्हणाला, "खलास अंकल, बस! ज़िंदा चाहिए वो."

खैरुन्निसा मॅडम माझ्याजवळ आल्या. समोर उभ्या राहून, सावकाश म्हणाल्या, "मास्टरजी, आपने हाथ उठाया, तब मुझे सब साफ़ सुनाई दे रहा था."

मी म्हटलं, तुम्ही सरावलेल्या आहात, तुम्हाला ऐकू येणारच. त्यांनी नुसती मान हलवली. घरी येताना गाडीत तेच वाक्य मनात फिरत राहिलं.

शुक्रवार, २७ डिसेंबर

सकाळीच सगळे रास अल खैमाला गेले. सिद्धूला पहिल्या चाचणीसाठी फुटक्या फरशा हव्यात, राजननं ऑफिसातून पोती आणली आहेत. मला थांबायला सांगितलं, उद्या डॉक्टर आहे म्हणून. मंजुषानं जाताना दोनदा बजावलं. मी मनात ठरवलं होतं, संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणायचं आणि वेळ रद्द करायला लावायची. आता कशाला डॉक्टर? काम झालं.

घर अगदी शांत होतं. खिडकीशी बसून एका जुन्या कवितेचं तिसरं कडवं आठवत होतो, ते काही येईना. म्हटलं पेपर आला असेल, बघावं. दार उघडलं.

दारात खैरुन्निसा मॅडम. शुक्रवारची सुट्टी, शारजाच्या दुसऱ्या टोकाला घर, आणि बाई माझ्या दारात! बरोबर एक सडपातळ मुलगी, हातात फाइल घट्ट धरलेली. चेहऱ्यावरून दिसत होतं, दोघी बऱ्याच वेळापासून उभ्या होत्या.

"ये कुलसुम है," मॅडम म्हणाल्या. "बायोलॉजी. पहला चान्स गया. दूसरा फरवरी में है. मेरे कमरे में सब इसे समझ लेते हैं, इसलिए ये ज़ोर से बोलती ही नहीं. मुझे वो चाहिए जो न समझे."

मी ओशाळलो. म्हटलं, माफ करा, तुम्हाला ताटकळत ठेवलं, बेल बिघडलेली दिसते. आणि दाखवायला म्हणून बाहेर येऊन बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, धरूनच ठेवलं. कुलसुमनं दचकून माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. काहीतरी म्हणाली ती, जमिनीकडे बघत.

माझा हात वर गेला.

तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. मग मुलीनं मान वर केली, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि सगळा जिना ऐकेल अशा आवाजात पहिल्यापासून म्हणाली, "अंकल, बेल ठीक है. अंदर कब से बज रही है. हम सुन रहे हैं."

बोट अजून बटणावर होतं. ते काढून घेतलं. कुकर, बांग, कुमुदचा तो कोपरावरचा हात, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं, हजेरीला उभं राहावं तसं. सिद्धूला ठाऊक होतं. कॉर्निशवर, पहिल्या संध्याकाळपासून.

उद्या डॉक्टरकडे जाईन. डोकं दुखणार नाही. पण फेब्रुवारी अजून लांब आहे, आणि यंत्र बिंत्र काही लावायला दिलंच तर ते या मुलीसमोर खिशात ठेवीन.

दार पूर्ण उघडलं. "फिर तो तुम सही जगह आई हो, बेटी," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढत हॉलच्या त्या टोकाला निघालो.